कादंबरी लिहीत असताना काय वाचावं, काय टाळावं? (पुस्तक स्वतःच काढायचं आहे)

माळरान:
कादंबरीचा पहिला खर्डा निम्म्यावर आलाय. काळ १९७२ च्या दुष्काळाचा, गाव सोलापूर जिल्ह्यातलं. प्रकाशकाकडे न जाता पुस्तक स्वतःच काढायचं आहे, म्हणजे संपादकाचा हात फिरणार नाही. चांगली कादंबरी वाचायला घेतली की तिची वाक्यं खर्ड्यात उतरू लागतात. मग खर्डा पुरा होईपर्यंत वाचन बंद ठेवावं का? काळाचे तपशील कुठे वाचावेत? आणि आपलाच मजकूर परक्याच्या नजरेनं वाचायचा कसा? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

दौत-टाक:
वाचन बंद अजिबात करू नका. चार-सहा महिने काहीच वाचलं नाही तर बातम्यांची आणि व्हॉट्सॲपची भाषा निवेदनात शिरते, आणि ती दुसऱ्या कादंबरीच्या छापापेक्षा वाईट.

काय वाचायचं ते मात्र बदला. छाप कथानकाची पडत नाही. वाक्याची लांबी, क्रियापदाची जागा, जोडशब्द, यांची पडते. तुमचं निवेदन प्रथमपुरुषी असेल तर खर्डा चालू असेपर्यंत प्रथमपुरुषी ग्रामीण कादंबऱ्या बाजूला ठेवा. त्याऐवजी कविता, पत्रसंग्रह, आत्मचरित्रं, जात्यावरच्या ओव्या वाचा. ओव्या तर ऐकाच; पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, ग्रामीण भारताचा ऑनलाइन संग्रह) च्या संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणासह आहेत. माहेर-सासर, भाऊबहीण, शेतीभाती, सगळं बायकांच्या तोंडच्या शब्दांत मिळतं. शिवाय पद्याची लय गद्यात सहसा उतरत नाही.

छाप पडलीय का हे तपासायला कालच्या मजकुरातली सलग वीस वाक्यं घ्या आणि प्रत्येकातले शब्द मोजा. मग पहिल्या प्रकरणातली वीस घ्या. सरासरी आठ-नऊवरून पंधरावर गेली असेल आणि प्रसंगात तसं कारण नसेल, तर सध्या उशाशी कोणतं पुस्तक आहे ते बघा. 'जणू', 'आणि मग', 'तसा' हे शब्द शोधून मोजले तरी कळतं. दिवसाचं वाचन लिहिण्याच्या आधी नको, नंतर करा.

कसब शिकण्यासाठी वाचायचं तर आवडलेलं पुस्तक दुसऱ्यांदा, पेन्सिल घेऊन, एकच प्रकरण. प्रसंग नेमका कोणत्या वाक्याला सुरू होतो, तो कोणाच्या डोळ्यांनी दिसतो, दोन परिच्छेदांमध्ये किती काळ गेला, संवादात 'म्हणाला' कुठे गाळलंय, एवढ्या खुणा समासात करा. नंतर त्यातलं एक पान हातानं उतरवून काढा. परिच्छेद कुठे तोडलाय हे उतरवताना जितकं जाणवतं तितकं नुसत्या वाचनात जाणवत नाही.

कोशवाला:
काळाच्या वाचनाबद्दल लिहितो. १९७२ चा विषय निवडलात याचा आनंद झाला, पण हा काळ पाहिलेले लोक अजून हयात आहेत आणि ते तुमची चूक पहिल्या पानावर पकडतील.

कादंबरीला दुष्काळाचे आकडे लागत नाहीत, वस्तू लागतात. लोक खडी फोडायला, पाझर तलावाच्या आणि नालाबंडिंगच्या (ओढ्या-नाल्यांवर बांध घालण्याच्या) कामावर जात होते. खायला मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, आणि सुकडी, म्हणजे वाटपात मिळणारा कोरडा पौष्टिक खाऊ. हे नुसतं नावानं येऊन भागत नाही. मिलोची भाकरी थापताना घरच्या ज्वारीसारखी वळत नाही, कडेला चिरा जातात, असं एका बाईच्या हातून दिसलं तर दुष्काळ दिसला.

कालविपर्यास टाळण्यासाठी काही उदाहरणं. उजनी धरणाचं काम १९८० मध्ये पुरं झालं, तेव्हा १९७२ मध्ये उजनीच्या पाण्यावर ऊस उभा दाखवू नका. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेही मुंबईच्या आसपास दिसण्यापुरतं, म्हणून तुमच्या गावात बातम्या रेडिओवरच. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. त्याआधीच्या प्रसंगात कोणी 'कायद्यानं काम मागतो' म्हणू नये. नवे पैसे १९५७ मध्ये आले, तरी बोलण्यात चार आणे, आठ आणे राहिलेच. धान्याला पायली आणि शेरही तसेच. कागदोपत्री किलो आणि तोंडी पायली, असं दोन्ही हवं.

वाचायचं कुठे? त्या वर्षीच्या दैनिकांचे जुने खंड मोठ्या ग्रंथालयांत बसून बघता येतात. अग्रलेख सोडून द्या, जाहिराती आणि बाजारभाव वाचा. सोलापूरचं जुनं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, १८८४ चं आहे. पिकं, रस्ते, आठवडी बाजार यांसाठी अजूनही उपयोगी. शब्दांसाठी दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश जवळ हवाच. बोलीसाठी डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणं ऐका. पण पात्राची अख्खी बोली कागदावर उतरवू नका, वाचक अडखळतो. 'काय करालास', 'पानी', 'कोन' अशी चार-पाच वैशिष्ट्यं निवडा आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

टिपणवहीत तीन रकाने ठेवा: तपशील, कुठल्या पानावरून घेतला, कोणत्या प्रकरणात वापरला. तिसरा रकाना रिकामा राहिलेले तपशील बळंच कोंबू नका. दहातले दोन वापरले तरी पुष्कळ.

माळरान:
मिलोचं आणि उजनीचं वाचून दोन प्रसंग बदलावे लागतील असं दिसतंय. आभार. स्वतःचा खर्डा तपासण्याबद्दलही कोणी लिहा.

मुद्रितखूण:
खर्डा संपला की किमान चार ते सहा आठवडे उघडू नका. नंतर वाचताना रूप बदला: फॉन्ट वेगळा, पान डेमी (छापील कादंबरीच्या नेहमीच्या) आकाराचं, ओळींत दीडपट अंतर, कागदाच्या एकाच बाजूला छापलेलं. स्क्रीनवरचा ओळखीचा मजकूर डोळा वाचतच नाही, आठवणीतून भरून घेतो. त्यामुळे गळलेला शब्द आणि दोनदा आलेला 'आणि' दिसत नाहीत. मोबाइलकडून मराठीत मोठ्यानं वाचून घ्या, यंत्र काही भरून घेत नाही. संवाद मात्र स्वतःच्या तोंडानं म्हणा.

फेऱ्या वेगळ्या करा. पहिल्या फेरीत फक्त कथा: कोणतं प्रकरण काढलं तरी काही बिघडत नाही? दुसरीत प्रसंग, तिसरीत भाषा. शुद्धलेखन सर्वांत शेवटी, कारण जो परिच्छेद पुढे कापायचा त्याचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात वेळ जातो आणि मग तो कापवत नाही.

एक शैलीपत्रक करा. निवेदन 'असे केले' की 'असं केलं'? दोन्ही चालतं, सरमिसळ चालत नाही. पात्रांची आणि गावांची नावं, वयं, 'अरेतुरे' कोण कोणाला करतं, हेही त्यात लिहा. 'कि' आणि 'आणी' शोधून काढा. जुन्या श्री-लिपी या फॉन्टप्रणालीतला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र हमखास बिघडतो, ते सगळे शब्द एकेक करून बघा.

वाचून घ्यायला चार-पाच जण द्या, त्यातला एक तरी त्या भागातला. 'कशी वाटली' विचारू नका, सगळे 'छान' म्हणतात. कोणत्या पानावर खाली ठेवली, कोणत्या दोन नावांत गोंधळ झाला, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, हे विचारा. तिघांनी एकच पान सांगितलं तर ते पान दुरुस्त करा. त्यांनी सुचवलेला उपाय घेतलाच पाहिजे असं नाही. अंतिम मुद्रितं (छपाईआधीची प्रुफं) दोनदा तपासा आणि त्यातली एक फेरी दुसऱ्या माणसाकडून, पैसे देऊन. खर्चात कुठे काटकसर करायचीच तर मुखपृष्ठावर करा, इथे नको.

दौत-टाक:
छपाईचं थोडक्यात. सोळा पानांचा फर्मा (एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं) धरून पृष्ठसंख्या बसवा: १७६ किंवा १९२, मधली नको. पानं लावताना संगणकात मजकुराची भाषा हिंदी नाही, मराठी निवडलेली आहे ना ते बघा, नाहीतर अनेक फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावानंही. छापील प्रत आणि ई-बुक यांना वेगवेगळा घ्या. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. प्रकाशक तुम्हीच, म्हणून ही जबाबदारीही तुमचीच. त्या प्रतींचा आणि टपालाचा खर्च आधीच धरून ठेवा.