मदत हवी आहे : स्टॅनली ४५ रंध्याचं तीन सुताचं पातं आणि एक हरवलेला स्क्रू

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, मी सुतार नाही. आजोबा होते. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात डब्यांच्या लाकूडकामावर त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर ते राजापूरच्या घरी आले ते हत्यारांची पेटी घेऊन, आणि ती पेटी त्यांच्या मागे पंचवीसेक वर्षं माळ्यावर पडून होती. यंदा मे महिन्यात खाली काढली. पटाश्या, गुण्या, दोन करवती, सामता, आणि तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला हा रंधा.

रंधा म्हटल्यावर जो डोळ्यांपुढे येतो तसा हा नाही. अख्खा लोखंडी, वर निकेलचा मुलामा. माझ्या भाचीला तो शिलाई मशीनचा सुटा भाग वाटला. मूठ असलेलं एक मुख्य अंग, त्यातून आडव्या निघणाऱ्या दोन सळ्या, सळ्यांवर मागेपुढे सरकणारं दुसरं अंग, आणि त्याच्याही बाहेर फळीच्या कडेला टेकून चालणारी लाकडी पट्टीची मार्गी. दोन अंगांच्या मधे हवं ते पातं अडकवायचं. पातं बदललं की तोच रंधा खोबणी पाडतो, पताम (कडेची पायरीसारखी खाच) काढतो, नाहीतर कडेला गोलाई देतो. अंगावर स्टॅनली आणि ४५ ही अक्षरं स्पष्ट आहेत. रॉकेलमध्ये दोन दिवस ठेवल्यावर गंज बराच सुटला.

पात्यांसाठी आजोबांनी सागवानाची एक चपटी डबी केलेली आहे. प्रत्येक पात्याला वेगळी खाच आणि खाचेखाली पेन्सिलीने माप: १ सूत, २ सूत, ४ सूत. (नवीन मंडळींसाठी: आठ सूत म्हणजे एक इंच.) गोलाईच्या पात्यांच्या रांगेत एकच खाच रिकामी आहे. खाली लिहिलंय ‘३ सूत’.

आणि मला नेमकं तेच हवंय.

माजघराच्या खिडकीच्या झडपेची खालची पट्टी पावसाच्या झडीने कुजली. घरातल्या सगळ्या झडपांना कडेने एक गोलाई आहे, नि तिच्या शेजारी बारीक खोल खाच. मोजली तर साडेनऊ मिलिमीटर, म्हणजे बरोबर तीन सूत. या झडपा आजोबांनीच केल्या, त्यामुळे पातं होतं एवढं नक्की. कुणाला तरी वापरायला दिलं असणार. त्यांना नाही म्हणता येत नसे, हे आजी आम्हाला दर दोन दिवसांनी ऐकवायची.

गावातला सुतार म्हणाला, “राऊटर मारून देतो ताई, कोण बघतंय?” विजेवर चालणाऱ्या त्या यंत्राने एक तुकडा करूनही दाखवला. गोल झालं, पण खाच रुंद आणि उथळ आली. जुन्या पट्टीशेजारी धरली तर लांबूनही डोळ्यांत खुपते. मी रोज त्याच खिडकीत बसून चहा पिते. मी बघतेय.

दुसरी अडचण स्क्रूची. सरकतं अंग सळ्यांवर आवळणारा, चिमटीने फिरवायचा स्क्रू एकच शिल्लक आहे, दुसरा नाही. तो घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने मापाला मिळताजुळता बोल्ट काढला, दोन फेरे छान गेले, मग अडकला. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने पान्याने आणखी अर्धा फेरा दिला. आतले आटे थोडे दुखावले आहेत. त्या दिवशी रात्री मी नीट जेवले नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार आणि एक बुधवार घातला. लाकडी रंधे ढिगाने, हा नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला विचारलं, तिथे सगळं नवं. तर विचारायचं आहे ते असं: हे पातं कुठे मिळेल? दुसऱ्या कंपनीचं चालतं का? आणि या स्क्रूचे आटे नेमके कोणते?

– माळ्यावरची

*

जुनंपुराणं : दादा, अभिनंदन, घबाड आहे. पात्यांवर शिक्का कसा आहे बघा. स्टॅनलीच्या नावाखाली बदाम आणि बदामात एस. डब्ल्यू. अशी अक्षरं असतील तर पातं १९२० नंतरच्या दीडएक दशकातलं. एस. डब्ल्यू. म्हणजे स्टॅनली वर्क्स, आणि बदाम तिथल्या अध्यक्षांच्या ‘हार्ट’ या आडनावावरून. हे मॉडेल अमेरिकेत कनेटिकटमधल्या न्यू ब्रिटन गावी १८८०च्या दशकात सुरू झालं आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. त्यामुळे जगात नग पुष्कळ आहेत, फक्त आपल्याकडे कमी. सुटी पाती मिळतात, घाबरू नका.

माळ्यावरची : दादा नाही, ताई. :) बदाम आहे! सगळ्या पात्यांवर नाही, पाचांवर.

फिटर_निवृत्त : ताई, आधी स्क्रूचं. त्यात पुन्हा काहीही घालू नका. स्टॅनलीने या रंध्यांना स्वतःचे आटे ठेवले होते, ९/३२ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. बाजारात या जोडीचं काही मिळत नाही. दुकानदाराने बहुतेक एम ७, म्हणजे सात मिलिमीटरचा बोल्ट दिला असेल. त्याचा व्यास जवळपास तोच, पण आट्यांचं अंतर एक मिलिमीटर, म्हणजे इंचाला पंचवीसच्या वर. म्हणून दोन फेरे जातो आणि मग चावतो. ९/३२ बीएसएफचंही (ब्रिटिश बारीक आट्यांचं) तेच, त्याचे २६. आटे मोजायचा गेज लावून २४ची खात्री करा आणि एखाद्या जुन्या टर्नरला (लेथ चालवणाऱ्याला) गाठा. लेथवर २४ आटे पाडणं म्हणजे गिअर लावायचा आणि चालवायचं, त्याला अर्धा तास पुरे. आटे पाडायची तयार डाय शोधत बसू नका. शिल्लक स्क्रू नमुना म्हणून न्या, पण त्याच्या हातात सोडून येऊ नका. दुखावलेल्या आट्यांसाठी त्याच आट्यांच्या स्टीलच्या एका स्क्रूला लांबीत एक चर पाडून घ्या आणि तेल लावून हाताने आतबाहेर करा, आटे बसतील.

गंमतजंमत : एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा अॅल्युमिनियमची स्लायडिंग बसवा ना.

जुनंपुराणं : वरील प्रतिसाद मे महिन्याच्या उन्हावर घालू.

लेस्टरकर : मी इंग्लंडमध्ये असते, रविवारी सकाळी कार बूट सेलला (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजाराला) जायची वाईट खोड आहे. इकडे स्टॅनलीपेक्षा रेकॉर्ड ४०५ जास्त दिसतो. शेफिल्डचा, तुमच्या ४५ची जवळजवळ नक्कलच. त्याची पाती ४५ मध्ये बसतात, मी स्वतः वापरलीत. एक मात्र बघून सांगा: तुमच्या पात्यांच्या कडेला वरच्या बाजूला छोटी खाच आहे का? पातं खालीवर करणारा स्क्रू त्या खाचेत अडकतो. खाच नसलेलं पातं हाताने ठोकून बसवावं लागतं, ते वैतागाचं काम. आणि गोलाईच्या पात्याचं माप घेताना आतल्या अर्धवर्तुळाची रुंदी घ्या, अख्ख्या पात्याची नाही. विकणारे हटकून यात घोळ घालतात.

माळ्यावरची : खाच आहे. आतलं माप बघितलं, दोन सुताच्या पात्यात आतलं अर्धवर्तुळ दोन सूत आहे. म्हणजे आजोबांनीही आतलंच लिहिलंय.

फिटर_निवृत्त : मिळेपर्यंत करून घ्यायचं असेल तर तेही सांगतो. टूलरूमवाल्याकडून एक सूत जाडीची ओएचएनएसची (तेलात बुडवून कडक करायच्या हत्यारी पोलादाची) ग्राउंड, म्हणजे घासून सपाट केलेली पट्टी आणा. जुन्या पात्याची रुंदी आणि खाच त्यावर उतरवून गोल कानशीने अर्धवर्तुळ काढा. पण इथे सगळे फसतात: पातं रंध्यात उभं नसतं, तिरकं असतं. ४५ अंश धरले तर लाकडात पावणेपाच मिलिमीटर खोल जायला पात्यावर तो आकार पावणेसात मिलिमीटर उंच लागतो. म्हणजे अर्धवर्तुळ नाही, किंचित लंबगोल. शुद्ध अर्धवर्तुळ काढलं तर गोलाई चपटी येते. धार ३५ अंशांच्या आसपास. मग चुंबक चिकटेनासा होईपर्यंत तापवून तेलात बुडवा, घासून चकाकी आणा, आणि पुन्हा हळूहळू तापवून वाळलेल्या गवताचा पिवळा रंग आला की थांबा. निळा आला तर गेलं, पहिल्यापासून करा.

सागवान_आणि_मी : एका खिडकीसाठी एवढंही नको. तुटलेल्या हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याला तो आकार कानसा, लाकडाच्या ठोकळ्यात फट पाडून त्यात आवळा आणि पट्टीच्या कडेने खरवडत न्या. इथे पातं उभं असतं, त्यामुळे लंबगोलाची भानगड नाही. जुने सुतार असंच करायचे.

माळ्यावरची : सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

सागवान_आणि_मी यांचा ठोकळा रविवारी करून बघितला. वीतभर तुकड्यावर सुरेख आलं, धूळ निघते तशी बारीक भुकटी निघत राहते. पुढे लाकडाची रेषा उलटी फिरली तिथे मात्र पापुद्रा उचकटला. हळू, दोन्ही बाजूंनी मधे येत केलं तर जमेल असं वाटतंय. खाच जुनीसारखीच बारीक आली, शेजारी धरून बघितली.

टर्नर मिळाला, रत्नागिरीला. मोजून २४च निघाले. पितळेचा करतो म्हणाला, मी स्टीलचा म्हटलं. चर पाडलेला वेगळा. पुढच्या शनिवारी आणायचे आहेत.

लेस्टरकर, तुम्हाला निरोपात आठ फोटो पाठवलेत. शेवटचा डबीचा आहे, रिकाम्या खाचेची लांबी-रुंदीही पट्टी लावून घेतली आहे. रेकॉर्डचं असलं तरी चालेल, फक्त त्या खाचेत बसायला हवं. टपालखर्च आधीच कळवा.

आणि फिटरकाका, ओएचएनएसची पट्टी कमीत कमी केवढी देतात? दुकानदार फोनवर एक मीटरच्या खाली बोलतच नाहीये.