मदत हवी आहे: खिशात मावणारा आणि खिशाला परवडणारा कॅमेरा

नमस्कार मंडळी,

लेक आठवीत आहे. तिच्या शाळेच्या सहलीला मोबाइल न्यायचा नाही, कॅमेरा चालतो. दहावी होईपर्यंत तिला स्वतःचा फोन द्यायचा नाही हे आमच्याही घरात ठरलेलं आहे (यावर वाद नको, तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे). आतापर्यंत ती माझ्याच फोनवर हात चालवत आलीय, आणि हौस नुसती सेल्फीची नाही. आम्ही नाशिकचे; गंगेवर (म्हणजे गोदाकाठी) गेलो की मी रामकुंडाकडे वळते आणि ही भांडीबाजारात एखाद्या तांब्याच्या घंगाळासमोर उभी राहते. त्यावरच्या ठोक्यांच्या खळग्यांत पडलेलं ऊन फोटोत यावं म्हणून आडवी, तिरकी, गुडघ्यावर बसून सगळे प्रकार करून होतात. तोवर दुकानदार गिऱ्हाईक समजून किलोचा भाव सांगायला लागलेला असतो.

डिसेंबरात सहल नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाणार आहे. त्यामुळे आता पक्ष्यांचेही फोटो हवेत.

बजेट १२ हजार, ओढूनताणून १५. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात मावायला हवा, गळ्यात लटकवायचं धूड नको. व्हिडिओचं अडत नाही. इंटरनेट नसणं हा तर आमच्या दृष्टीने मुख्य गुण.

एमजी रोडला चक्कर मारून आले. गाडी लावायला जागा शोधण्यातच निम्मी संध्याकाळ गेली, ते असो. काचेच्या कपाटात सगळे मोठे मिररलेस (भिंग बदलता येणारे), नाहीतर लगेच प्रिंट देणारे रंगीत खेळण्यासारखे कॅमेरे. एका काकांनी "ताई, खिशातले कॅमेरे मोबाइलने कधीच खाल्ले" असं सांगून चहा पाजला आणि परत पाठवलं.

ऑनलाइन पाहिलं तर चार-पाच हजारांत '४८ मेगापिक्सेल, ४के, १६ पट झूम' अशा जाहिरातींचा नुसता पूर. खाली बारीक अक्षरांत कळतं की झूम डिजिटल आहे. म्हणजे भिंग जागचं हलत नाही, फोटोचा मधला तुकडा कापून ताणून दाखवतात. मेगापिक्सेलचा आकडाही असाच फुगवलेला असतो म्हणे. हे बाद.

सध्या यादीत तिघे आहेत. कॅननचा इक्सस १८५ आणि सोनीचा डब्ल्यू८३० हे दोन्ही २० मेगापिक्सेलचे, ८ पट ऑप्टिकल (भिंग हलून होणाऱ्या) झूमचे, पण आता जुनेच मिळतात. तिसरा कोडॅकचा एफझेड४५, हा नवा मिळतो, १६ मेगापिक्सेल, झूम ४ पट. (अवांतर: यावर कोडॅकचं फक्त नाव आहे, ते परवान्यावर घेऊन जेके इमेजिंग नावाची दुसरीच कंपनी हे कॅमेरे काढते.)

विचारायचं असं की ८ पट झूममध्ये पक्षी येतील का? आणि जुना घ्यायचा तर काय बघून घ्यावा? अनुभव असेल त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद १

फोनमधलं सिम काढा, इंटरनेट बंद करा, तोच द्या. पैसे वाचले.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादासाठी: शाळेच्या बाई गेटवर सिम तपासत बसणार नाहीत हो, फोन दिसला की जप्त.

ताई, एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे नंतर हिरमोड नको. घरात, संध्याकाळी, ट्यूबलाइटमध्ये हे कॅमेरे तुमच्या फोनपुढे फिके पडतील. तुमच्या यादीतल्या तिघांचाही सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) '१/२.३ इंच' या नावाच्या मापाचा आहे, म्हणजे साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटर. आज मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनमधला मुख्य सेन्सर याहून मोठा असतो, शिवाय फोन चार-पाच फोटो एकत्र करून एक गुळगुळीत फोटो देतो. खिशातल्या कॅमेऱ्यात यापेक्षा मोठा, १ इंची म्हणतात तो सेन्सर हवा असेल तर २०१२ सालचा सोनीचा पहिला आरएक्स१०० किंवा त्याच्या पुढच्या आवृत्त्या. जुना घेतला तरी १५ हजारांत चांगल्या अवस्थेतला मिळणं अवघड.

या कॅमेऱ्यांकडे फोनपेक्षा जास्त काय, तर खरा झूम, फोनच्या दिव्यापेक्षा दणकट फ्लॅश आणि मनगटात अडकवायची दोरी. दोरीला कमी लेखू नका, बोटीत आणि बंधाऱ्यावर तीच कामाला येते. दिवसाउजेडी फोटो मात्र झकास येतात. भांडीबाजारासाठी तर मॅक्रो मोड (अगदी जवळून फोटो काढायची सोय) आहेच.

प्रतिसाद ३

पक्ष्यांबद्दल बोलतो, कारण नांदूर मधमेश्वरला माझं नेहमीचं जाणं आहे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० साली तसं जाहीर झालं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे पाणी पसरलेलं आहे, आणि पक्षी त्या पाण्याच्या मध्यावर असतात, आपल्या सोयीने काठाला येत नाहीत.

झूमचा 'पट' हा आकडा फसवा आहे. तो फक्त जवळच्या टोकापासून लांबच्या टोकापर्यंतचं गुणोत्तर सांगतो. खरं विचारायचं ते लांबचं टोक किती मिलिमीटरचं (३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने; आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं). डब्ल्यू८३० २०० ला थांबतो, इक्सस १८५ २२४ ला. पाण्यातला वारकरी पक्षी त्यात काळा ठिपका दिसेल, कपाळावरचा पांढरा टिळा शोधावा लागेल. पक्ष्यांसाठी ५०० च्या पुढे जायला हवं. खिशात मावणाऱ्यांत कॅननचा एसएक्स६२० (२५ पट, ६२५ मिमी) किंवा सोनीचा एचएक्स९०व्ही (३० पट, ७२० मिमी) चालतील. पहिला जुना मिळाला तर बजेटच्या आसपास बसू शकेल, दुसऱ्याची आशा धरू नका.

पण एक जुगाड आहे. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोऱ्यावर गाइडकडे तिवईवर बसवलेला स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) असतो. त्याच्या डोळा लावायच्या काचेला कॅमेऱ्याचं भिंग अगदी टेकवून धरायचं. आधी पडद्यावर काळं वर्तुळ आणि मधे छोटं चित्र दिसतं. मग हळूहळू झूम वाढवायचा, वर्तुळ बाहेर सरकत नाहीसं होतं आणि जांभळ्या पाणकोंबडीचा लालभडक माथा पडद्यावर भरून येतो. हात हलू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर लावायचा. गंमत म्हणजे या कामाला कमी झूमचा, छोट्या भिंगाचा कॅमेराच बरा पडतो, मोठ्या झूमवाल्यांत काळं वर्तुळ जाता जात नाही. म्हणजे तुमचा ४ पटवाला कोडॅक इथे बाकी दोघांपेक्षा सरस. फक्त सगळा वर्ग मागे रांगेत उभा असताना एकटीने स्कोप अडवून ठेवू नये, एवढं लेकीला सांगा.

प्रतिसाद ४

जुना घेणार असाल तर कुरिअरने मागवू नका, हातात घेऊनच घ्या. चालू-बंद करून भिंग आत-बाहेर होताना कान द्या. करकर आवाज आला तर आत वाळू गेलीय, आणि उद्या पडद्यावर 'लेन्स एरर' येणार. या जातीचे कॅमेरे बहुतेक त्याच दुखण्याने जातात, आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो. मोबाइलचा टॉर्च भिंगावर तिरका धरा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांना हमखास लागते. पांढऱ्या भिंतीचा पूर्ण झूम करून फोटो काढा, सेन्सरवरची धूळ त्यात ठिपक्यांसारखी दिसते. बॅटरी फुगलेली नाही ना, चार्जर सोबत आहे ना, हे बघा. कार्ड कोणतं लागतं तेही विचारा, जुने ऑलिंपस एक्सडी कार्डवर आणि जुने सोनी मेमरी स्टिकवर चालतात, ती शोधत बसाल. फार जुन्या कॅमेऱ्याला ६४ जीबीचं कार्ड ओळखता येत नाही, १६ चं घाला, शाळा संपेपर्यंत पुरेल.

आणि भाव पाडून मागा. रील्समुळे कॉलेजच्या पोरांना जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं वेड लागलंय, त्यामुळे मामाच्या माळ्यावरचा डबाही लोक 'व्हिंटेज' म्हणून विकतात. या लाटेत कॅननने २०२५ मध्ये इक्सस २८५ किरकोळ बदल करून पुन्हा काढला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ३७९ डॉलर होती. म्हणजे तो आपल्या कामाचा नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. स्कोपची युक्ती लेकीला वाचून दाखवली, तेव्हापासून ती रंगीत तालीम म्हणून आजोबांच्या दुर्बिणीला माझा फोन लावून समोरच्या टाकीवरची कबुतरं टिपतेय.

कल आता कोडॅककडे झुकलाय. तो दोन पेन्सिल सेलवर चालतो, हे मला आधी खटकलं होतं. पण सहलीत चार्जिंग संपलं तर निफाडच्या कुठल्याही किराणा दुकानात सेल मिळतील, हे आता पटतंय. घरी रिचार्जेबल सेल आणि त्यांचा चार्जर घेऊन ठेवीन.

तरी एसएक्स६२० चा मोह सुटत नाही. पुढच्या शनिवारी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला कामासाठी जातेय, सीएसएमटीला उतरून बोराबाजारात पायीच जाता येईल. तिथल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत पक्कं बिल आणि महिनाभराची तरी हमी मिळते का, की सगळा तोंडी व्यवहार असतो? अलीकडे कुणी तिथून घेतला असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा.