चित्रकलेचा गृहपाठ नक्की कुणाचा?

वडगावची आई
माझी मुलगी इथं बेळगावात मराठी शाळेत चौथीला आहे. चित्रकलेचा गृहपाठ म्हणजे छापील आंब्यावर कापसाचे बोळे चिकटवा, नाहीतर 'माझे घर'चं मॉडेल करा. पोर झोपतं आणि थर्माकोल आम्ही कापतो. ज्यांना जमत नाही ते बाजारातून तयार आणतात, आणि शेरा उत्तम मिळतो तो त्यांनाच. माझं स्पष्ट म्हणणं, हा गृहपाठ बंद करा. काय काढायचं ते मुलांना वर्गात, बाईंच्या समोर काढू दे, वाकडं आलं तरी चालेल.

टिळकवाडी_१
बंद करा म्हणणं सोपं आहे ताई. एसएसएलसीत, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या दहावीत, चित्रकलेचा एक मार्क नाही. महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची ग्रेड असली की दहावीला वाढीव गुण तरी पडतात. इथं ड्रॉइंगची लोअर-हायर परीक्षा पास झाला तरी सर्टिफिकेट फायलीत. गृहपाठ आहे म्हणून वर्षाला एक रंगपेटी घरात येते. तोही गेला तर तीसुद्धा यायची नाही.

निपाणीची बाई
मी शिकवते, म्हणून बोलते. 'वर्गात करून घ्या' हे ऐकायला बरं वाटतं. माझ्याकडं दोन इयत्ता एका खोलीत बसतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात कलेला अर्धवेळ शिक्षक सांगितलाय, खरं तो सहावी ते आठवीला, आणि पट १०० च्या वर असेल तरच. सीमाभागातल्या किती मराठी शाळांचा पट आता तेवढा राहिलाय? म्हणजे ज्या शाळेला गरज जास्त, तिलाच माणूस नाही. मग कापसाचा आंबा घरी पाठवला जातो. मला तो आवडतो असं नाही.

खानापूरचा बाबू
काय भांडूलालेत उगाच! दिवाळीत गल्लीत फिरून बघा की. पोरं शेतातनं माती आणतात, बुरूज उभे करतात, मोहरी पेरून हिरवळ उगवतात, पायऱ्या ढासळल्या की परत थापतात. हे कुणी वहीत लिहून दिलेलं असतं का? किल्लाच गृहपाठ म्हणून द्या. आमच्या खानापुरात तर मातीकाम शिकवणारी संस्था आहे, कुंभार आहेत. एक दिवस पोरांना चाकावर बसवा.

टिळकवाडी_१
बाबू, तसलं काही करू नको बाबा! किल्ल्याला मार्क लागले की पुढच्या वर्षी बाजारात तयार रायगड येईल, लाइटिंगसकट. मंडळांच्या स्पर्धांत आताच बघ, बांधणारे सगळे मिशा फुटलेले. लहान पोरं पाण्याची बादली धरून उभी.

शहापूरचे काका
स्पर्धेला नावं ठेवू नका. शिवजयंतीच्या चित्ररथावर उभं राहून आमच्या किती पोरांना रंगभूषा, नेपथ्य कळलं. 'प्रतिभा कारंजी' या शाळांच्या सरकारी कलास्पर्धेत क्लस्टरपासून (जवळपासच्या शाळांच्या गटापासून) राज्यापर्यंत चित्रकलेच्या पोरांना पुढं जाता येतं. आणि हे चित्रकार के. बी. कुलकर्णींचं गाव आहे. चित्रकार रवी परांजपे त्यांच्याकडंच शिकले.

वडगावची आई
काका, तेच तर म्हणते मी. ते गुरूजवळ बसून शिकले, आईनं रात्री कापलेल्या थर्माकोलवर नाही. आणि प्रतिभा कारंजीला प्रत्येक शाळा निवडून तीच दोन-चार हुशार पोरं पाठवते. बाकीच्यांचं काय?

निपाणीची बाई
बाकीच्यांसाठी मी यंदा एवढंच सांगणार आहे. सुट्टीत जो किल्ला केलात, तो आठवून वहीत काढा. पेन्सिलीनं. रंग नसले तरी चालतील. शेरा कुणालाच नाही.

टिळकवाडी_१
बाई, शेरा नाही बघून पालक तुमच्याकडं येतील बघा.

निपाणीची बाई
येऊ देत. त्यांनाही एक कागद देते.