कार्पल टनेलचं ऑपरेशन: सहा आठवड्यांनंतरही बोटं बधिर, म्हणजे फसलं का?

प्रश्न
तळहातावर चीर देऊन केलेल्या साध्या ऑपरेशनला ६ आठवडे झाले. रात्री मुंग्यांनी होणारी झोपमोड पहिल्याच आठवड्यात थांबली. पण अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाची टोकं अजून बधिर आहेत, बटण लावताना हाताला काही कळत नाही. तळहात टेकून उठताना मनगटापाशी कळ येते. आधीच्या नर्व्ह टेस्टवर (नसेतून संदेश कसा जातो ते बघणारी तपासणी) 'सिव्हिअर', म्हणजे तीव्र, असा शेरा होता आणि अंगठ्याखालचा उंचवटाही बसला होता. इतक्या दिवसांत किती सुधारणा दिसायला हवी?

प्रतिसाद १
रात्रीच्या मुंग्या थांबल्या, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात (कार्पल टनेल) दबलेली नस, म्हणजे मज्जातंतू, मोकळी झाली. ऑपरेशनमध्ये त्या बोगद्याचं छप्पर, म्हणजे लिगामेंट, कापतात. त्या मुंग्या दाबामुळे नसेचा रक्तपुरवठा अडल्याने येतात, म्हणून दाब गेला की त्याही जातात. टोकांचा बधिरपणा ही वेगळी गोष्ट. दीर्घकाळ दाबून नसेतले धागेच मेलेले असतील, तर ते मनगटापासून पुन्हा वाढत जावे लागतात आणि त्यांचा वेग दिवसाला साधारण १ मिमी. सहा आठवड्यांत जेमतेम ४ सेंमी. मनगटापासून बोटाचं टोक १६-१८ सेंमीवर असतं, तेव्हा सहा महिन्यांच्या आत निकाल लावू नका. सगळे धागे पोहोचतातच असंही नाही. 'सिव्हिअर' शेऱ्यानंतर थोडा बधिरपणा कायमचा राहू शकतो, हे ऑपरेशनआधीच स्पष्ट सांगायला हवं.

उंचवट्याचं मात्र फार धरून बसू नका. स्नायू बराच काळ बसलेला असेल तर तो क्वचितच पूर्ण भरून येतो. अंगठा बोटांसमोर आणताच येत नसेल, तर दुसरा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) वळवून देण्याची वेगळी शस्त्रक्रिया असते.

प्रतिसाद २
टेकून उठतानाची कळ व्रणात आहे की तळहाताच्या बुडाशी दोन्ही कडांना? कडांना असेल तर ते पिलर पेन. लिगामेंट कापल्यावर हाडांच्या कमानीवरचा ताण बदलतो, त्यातून हे येतं असं मानतात. बहुतेकांचं ३ महिन्यांत ओसरतं, काहींना ६ लागतात. पकडीची ताकदही आधी घटते आणि जुन्या पातळीवर यायला साधारण ३ महिने घेते.

टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. जखम पूर्ण मिटली की व्रणावर अंगठ्याने दाबून गोल मालिश करा, ५ मिनिटं, दिवसातून तीनदा. बोटं सरळ, मग हुकासारखी वाकवून, मग पूर्ण मूठ, पुन्हा सरळ, असं दहा-दहा वेळा. यामुळे टेंडन आणि नस व्रणाला चिकटत नाहीत. बोटं तर पहिल्या दिवसापासून हलवायची असतात. मनगटाचा पट्टा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवल्याने फायदा होत नाही, उलट मनगट आखडतं. आणि तो स्पंजचा चेंडू! दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच दाबायला घेतात लोक. सुरुवातीच्या आठवड्यांत मनगट आत वाकवून जोरात पकड घेऊ नये, कारण छप्पर कापलेलं असल्याने टेंडन पुढे उचलले जातात.

प्रतिसाद ३
काळजी कधी करायची, तेही सांगतो. रात्रीच्या मुंग्यांना काहीच फरक पडला नाही, तर लिगामेंट पूर्ण कापलं गेलं नसेल (बहुधा बोटांकडचं टोक राहतं) किंवा मूळ दुखणं मानेतलं असेल. बरं वाटून काही महिन्यांनी त्रास परतला, तर नसेभोवती व्रणाचे पापुद्रे धरलेले असू शकतात. तळहाताच्या बुडाशी स्पर्श होताच आग होत असेल, तर त्वचेकडे जाणारी बारीक शाखा दुखावली असण्याचा संशय घ्यावा. ती बोगद्यातून जातच नाही, म्हणून मूळ आजारात तो भाग बधिर होत नसतो. आणि अंगठ्याची हालचाल ऑपरेशननंतर अचानक गेली, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

नर्व्ह टेस्ट इतक्यात पुन्हा करू नका. हात पूर्ण बरा वाटणाऱ्यांचीही ती बिघडलेली येते. केलीच तर आधीच्या रिपोर्टशेजारी ठेवून वाचा.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. कळ कडांनाच आहे. दुसऱ्या हाताचं दुर्बिणीतून करावं का? मधुमेहही आहे.

प्रतिसाद १
दुर्बिणीने कामावर परतायला साधारण आठवडाभर कमी लागतो. पुढे सहा महिन्यांनी दोन्ही पद्धतींचा निकाल सारखाच. मधुमेहातही ऑपरेशनचा फायदा होतो. पण पायाचे तळवेही बधिर असतील तर बोटांतला काही बधिरपणा मधुमेहाचा आहे, तो कोणत्याच पद्धतीने जाणार नाही. दुसरा हात अजून 'सिव्हिअर'ला पोहोचला नसेल, तर तिथवर जाईपर्यंत थांबू नका.