३२ जीबी रॅम असताना स्वॅप किती ठेवावा?

प्रश्न: नमस्कार. खानापुरात माझे डीटीपीचे दुकान असून मराठी आणि कन्नड लग्नपत्रिका, फ्लेक्स अशी कामे तिथे चालतात. नव्या संगणकात ३२ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी आहे. त्यावर उबंटू टाकायचे आहे. बेळगावातील एक जाणकार ‘रॅमच्या दुप्पट स्वॅप’ (रॅम अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरील राखीव जागा) सांगतात, तर दुसरे म्हणतात की स्वॅपच नको. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते आणि यूपीएस जेमतेम दहा मिनिटे टिकतो. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: दुपटीचा नियम रॅम मेगाबाइटमध्ये मोजली जात होती त्या काळातला आहे, त्यासाठी ६४ जीबी अडकवू नका. मात्र स्वॅप शून्यही ठेवू नये. प्रोग्राम चालताना त्यांनी रॅममध्ये मांडलेली, पण तासन्‌तास न लागणारी पाने (मेमरीतले छोटे तुकडे) कर्नलला, म्हणजे उबंटूच्या गाभ्यातील प्रोग्रामला, स्वॅप नसेल तर कुठेच हलवता येत नाहीत, आणि रॅम भरत आली की तो डिस्कवरून पुन्हा वाचता येतील अशी, पण प्रत्यक्ष वापरातली पाने काढून टाकू लागतो. मग माउसही अडखळतो आणि शेवटी एखादा प्रोग्राम, बहुधा तुमची उघडी फाइल असलेलाच, मारला जातो. एरवीच्या कामासाठी ४ ते ८ जीबी पुरेसा आहे.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न विजेचा आहे. यूपीएसवर असतानाच संगणक हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद) करायचा असेल, तर रॅममधला मजकूर स्वॅपमध्ये लिहिला जातो, म्हणून स्वॅप रॅमइतका, म्हणजे ३२ जीबी ठेवावा. उबंटू सहसा स्वॅप फाइल बनवते, परंतु फाइलवरून हायबरनेट करताना तिची डिस्कवरील नेमकी जागाही कर्नलला कळवावी लागते. त्यापेक्षा स्वॅपसाठी वेगळे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) सोपे. सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त प्रमाणित सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्यास हायबरनेट सहसा अडवले जाते, ते आधी तपासा. पत्रिकांची कामे हाती घेण्यापूर्वी एकदा रिकाम्या फाइलवर पूर्ण प्रयोग करून पाहा, ही आग्रहाची विनंती.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. जुन्या संगणकावर स्वॅप २ जीबी भरलेला दिसतो, ते चिंतेचे आहे का?

प्रतिसाद: केवळ भरलेला असणे चिंतेचे नाही. टर्मिनलमध्ये ‘व्हीएमस्टॅट ५’ (vmstat 5) चालवा आणि मोठा फ्लेक्स उघडा. ‘एसआय’ (si, स्वॅपमधून रॅममध्ये येणारा मजकूर) आणि ‘एसओ’ (so, रॅममधून स्वॅपमध्ये जाणारा) या रकान्यांत शून्याच्या आसपासच आकडे राहिले तर सारे ठीक आहे, सतत मोठे आकडे येत असतील तर रॅम कमी पडते आहे.