क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे असल्यास बी.ए.नंतर अर्ज कोठे करावा?

प्रश्न – सातारकर

मी मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ, होऊन रुग्णांबरोबर काम करण्याची इच्छा आहे. परंतु जितकी चौकशी करावी तितका गोंधळ वाढतो. पुणे किंवा मुंबई विद्यापीठातून एम.ए. करावे, सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशांची सामायिक परीक्षा देऊन दिल्ली विद्यापीठ किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसाठी प्रयत्न करावा, की घरची परिस्थिती पाहता नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने पदवी घ्यावी, हे ठरत नाही. त्यातच अमेरिकेत असलेला मावसभाऊ म्हणतो की थेट तिकडच्या पीएच.डी.साठी अर्ज कर. हे शक्य असते का? शिवाय एसओपीमध्ये (अर्जासोबतच्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ या निवेदनात) मी या विषयाकडे का वळले, हे किती मोकळेपणाने लिहावे? घरात मानसिक आजार मी जवळून पाहिलेला आहे.

उत्तर – पेठकर

महाविद्यालयांची यादी करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. एम.ए.च्या गुणपत्रिकेवर ‘क्लिनिकल’ असे छापलेले असले, तरी केवळ तेवढ्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. ती नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेला, रुग्णालयातील पर्यवेक्षित प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्याख्याही त्याच पात्रतेला धरून आहे. आजवरचा रुळलेला मार्ग म्हणजे मानसशास्त्रात किमान ५५ टक्क्यांसह एम.ए. आणि त्यानंतर बंगळूरची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था अशा ठिकाणी दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांनी एम.फिल. बंद केले आणि क्लिनिकल सायकॉलॉजीला मुदत वाढवून दिली, तीही २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंतच. तुम्ही एम.ए. पूर्ण कराल तेव्हा पुढची पायरी वेगळ्या नावाची असेल, असे धरूनच चाला. कोणतीही संस्था ‘आमचा कोर्स मान्यताप्राप्त आहे’ असे म्हणाली, तर कोणाची मान्यता, कोणत्या अभ्यासक्रमाला आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पाहा. शुल्क त्यानंतर भरा.

दूरशिक्षणाचा पर्याय तर सोडूनच द्या. आयोगाने ऑगस्ट २०२५मध्ये मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित अनेक विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश थांबवण्याचे निर्देश दिले आहेत. नोकरी करणाऱ्या मुलींची यात मोठी अडचण झाली, हे खरेच.

सीयूईटी-पीजी अवश्य द्या. ७५ बहुपर्यायी प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा, अशी ती परीक्षा आहे. आपल्याकडे बी.ए.ला संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती पाठांतरावर निभावून नेता येतात; तेथे ते जमत नाही.

उत्तर – परदेशस्थ

मावसभाऊ म्हणतात ते अर्धे खरे आहे. अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएच.डी.ला पदवीनंतर थेट अर्ज करता येतो. मात्र काही विद्यापीठे आपली तीन वर्षांची पदवी पुरेशी मानत नाहीत, त्यामुळे हे प्रत्येक ठिकाणी आधी विचारावे. निवडलेल्या विद्यार्थ्यांचे शुल्क बहुतेक वेळा माफ होते आणि विद्यावेतनही मिळते, म्हणूनच स्पर्धा तीव्र असते. सायडी (Psy.D.) ही संशोधनापेक्षा रुग्णसेवेवर भर देणारी डॉक्टरेट पदवी मात्र बहुधा स्वखर्चाने करावी लागते. पीएच.डी.ची निवड प्रामुख्याने एका मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेसाठी असते. तुमचे गुण उत्तम असले, तरी त्या प्राध्यापकांच्या संशोधनाशी तुमच्या कामाचा संबंध दिसत नसेल, तर अर्ज मागे पडतो. येत्या वर्षी विद्यार्थी घेणार की नाही, हे अनेक प्राध्यापक आपल्या पानावर लिहून ठेवतात. ते न वाचता अर्जाचे शुल्क भरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. बहुतेक मुदती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात. संशोधनाचा काहीच अनुभव नसेल, तर आधी भारतातच एम.ए. करून चांगला प्रबंध लिहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर – निवृत्त प्राध्यापिका

एसओपीबद्दल लिहिते. ड्रू ॲपलबी आणि कॅरन ॲपलबी यांनी अमेरिकेतील मानसशास्त्र विभागांच्या प्रवेशप्रमुखांना, अर्ज कशामुळे बुडतो, असे विचारले होते. तो लेख २००६मध्ये प्रसिद्ध झाला. हानिकारक ठरणाऱ्या गोष्टींमध्ये स्वतःच्या मानसिक आरोग्याविषयी अति मोकळेपणाने लिहिणे, इतरांना मदत करण्याची भाबडी तळमळ आणि त्या अभ्यासक्रमाची माहिती नसणे यांचा समावेश होता. याचा अर्थ घरातील आजार लपवावा असा नाही. एका वाक्यात तो सांगावा आणि लगेच, त्यातून कोणता प्रश्न पडला व त्यासाठी काय वाचले किंवा काय काम केले, याकडे वळावे. ‘लहानपणापासून लोक माझ्याकडे मन मोकळे करतात’ हे वाक्य तर मी इतक्या अर्जांत वाचले आहे की ते आले की पान उलटण्याचा मोह होतो.

सातारकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सीयूईटीचा अर्ज भरते आणि परदेशाचा विचार एम.ए.नंतरच करते. आणखी एक शंका आहे. शिफारसपत्रासाठी सरांना विचारले, तर ते म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ असे चालते का?

निवृत्त प्राध्यापिका

ही पद्धत सर्रास आहे, पण टाळावी. विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले पत्र विशेषणांनी भरते आणि वाचणाऱ्याला ते कळते. त्याऐवजी सरांना एक पानाचे टिपण द्या: त्यांच्याकडे कोणता प्रकल्प केला, विदा (डेटा) कशी गोळा केली, कोठे अडलात आणि कशी वाट काढली. मुदतीच्या किमान महिनाभर आधी द्या, म्हणजे त्यांनाही स्वतःच्या शब्दांत लिहायला सवड राहील. तरीही ते तयार नसतील, तर ज्या बाईंनी तुमचे प्रात्यक्षिक पाहिले आहे त्यांच्याकडे जा. पत्राला पदापेक्षा ओळख अधिक उपयोगी पडते.