गजबजलेल्या घरात नुसता पियानो: तुमचे अनुभव लिहा

आमचं घर डोंबिवलीत, दोन खोल्यांत सहा माणसं. संध्याकाळी सात ते नऊ कुकर, मालिका, धाकटीचे पाढे, सासऱ्यांचा फोन, सगळं एकदम. मागच्या पावसाळ्यात एकदा टीव्ही बंद करून मी एरिक साती या फ्रेंच संगीतकाराच्या 'जिम्नोपेदी' नावाच्या तीन पियानो-रचनांतली पहिली लावली. १८८८ सालची, तीन-साडेतीन मिनिटांची. डाव्या हाताचा खर्जातला एक सूर, त्यावर हलकासा स्वरमेळ, पुन्हा तेच. सासूबाई मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं, कुणीतरी अनवाणी चालतंय असं वाटतंय." आता त्याच म्हणतात, "ते अनवाणी लाव गं." आणि खरं सांगते, एरवी ओरडून बोलणारी आम्ही माणसं तेवढा वेळ हळू बोलतो.

गाणं नाही, तबला नाही, नुसता पियानो असा तुमच्याकडे कोणी लावतं का? कधी, काय लावता? उपयोग झाला नसेल तर तेही जरूर लिहा.

पिंपरी, सात महिन्यांच्या मुलीचा बाबा

शोपँ या संगीतकाराची 'बर्सोझ', म्हणजे अंगाईच. १८४४च्या सुमाराची. डावा हात जवळजवळ शेवटपर्यंत एकच झोका देत राहतो, नक्षीकाम सगळं उजव्या हातात. लेकीला खांद्यावर घेऊन मी त्याच झोक्यावर फेऱ्या मारतो. एकदा मात्र घात झाला. डोळा लागतोय तोच मध्येच जाहिरात किंचाळली, पोर दचकून उठली आणि पुढे तासभर रडत होती. बायकोला पहाटे कामावर जायचं होतं. फार अपराधी वाटलं. तेव्हापासून आधी डाउनलोड करून ठेवतो. फोन पाळण्याजवळ नाही, समोरच्या कपाटावर, आणि आवाज इतकाच की पंख्याची घरघर त्याच्या वर ऐकू यावी.

सांगली, पेटी वाजवणारे आजोबा

पियानोत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही म्हणून मी वर्षानुवर्षं नाक मुरडलं. पण आमच्या पेटीत तरी कुठे आहे? खरा फरक सुनेनं लावलेलं ऐकताना कळला. पेटीचा सूर भाता चालतो तोवर तसाच उभा राहतो. पियानोत हातोडी तारेवर पडली की त्या क्षणापासून सूर विरायला लागतो. त्यामुळे दोन सुरांमध्ये जागा पडते. त्या जागेत नातवानं आतून मारलेली "आजोबा, पाणी" ही हाक मला ऐकू येते. नाट्यपद लावलं की मी त्यातच गुंततो, मग घर पेटलं तरी पत्ता नाही. म्हणून दुपारी नाट्यपद आणि मुलं घरी आली की पियानो, असं मी ठरवून टाकलंय.

ठाणे, दहावीतल्या मुलाची आई

मार्कांसाठी लावू नका. मोत्झार्टनं बुद्धी वाढते हा बोलबाला १९९३च्या एका प्रयोगातून झाला. तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता, आणि दिसलेला फरक जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा. माझा मुलगा आदळआपट न करता पुस्तक उघडतो, मला तेवढं पुरे.

पुणे

आमच्याकडे नाही जमलं. आईला श्रवणयंत्र आहे, वरच्या सप्तकातले सूर तिला टोचतात. शिवाय आम्ही टीव्ही चालूच ठेवून लावत होतो, म्हणजे गोंगाटात एक भर. आधी काहीतरी बंद करावं लागतं.

मडगाव

आमच्याकडे जुना उभा पियानो आहे. पावसाळ्यात दमट हवेनं पट्ट्या फुगून अडकतात, म्हणून आत एक छोटा बल्ब जळता ठेवतो. नवरा रात्रपाळी करून दुपारी झोपतो, मग लेकीनं रियाज करायचा कधी? आमच्या पियानोचं मधलं पेडल दाबून अडकवलं की हातोड्या आणि तारांच्या मध्ये फेल्टची पट्टी उतरते. सूर शेजारच्या घरातून आल्यासारखा मऊ होतो. ती सध्या शूमान या संगीतकाराचं 'ट्रॉयमेराय' बसवतेय. १८३८ सालच्या 'किंडरझेनेन', म्हणजे 'बालपणीची दृश्यं', या तेरा छोट्या रचनांच्या संचातली ही सातवी. संचाचं नाव बालपणाचं असलं तरी त्या रचना मोठ्यांनी बालपण आठवावं म्हणून लिहिलेल्या. लेक रोज एकाच ठिकाणी अडखळायची, थांबायची, पुन्हा पहिल्यापासून. परवा ती जागा सरळ पार झाली आणि आतल्या खोलीतून नवऱ्याचा झोपाळलेला आवाज आला, "हां, आता पुढे जा."